पुढची तिसरी चकती

काल्हेरला आमच्या शेतांच्या जागी गोदामं झाली, त्यातल्याच एकात मी मालाची आवक-जावक बघते. खुर्चीत बसून बसून उजवा गुडघा धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. नवरा आधीपासून चालवायचे. ट्रक वाढायच्या आत, उजाडता उजाडता, आम्ही दोघं अंजूरच्या बाजूला जाऊन यायला लागलो. गुडघा बरा झाला आणि मला स्वतःची, रस्त्यावरची हलकी सायकल हवीशी वाटली.

अडलं ते पुढच्या चकत्यांवर. पेडलपाशी दातेरी चकत्या असतात, त्यांवरून साखळी फिरते. चकती लहान, तर चढ सोपा. पण वेग कमी. नवऱ्याच्या सायकलला दोन होत्या. दुकानदार म्हणाला, नव्या सायकलींना आता दोनच येतात. तीनवाली एक जुनी पडून आहे, बघा.

“तिसरी कशाला?” नवरा म्हणाले. “उगाच वजन. साखळी पडते ती वेगळीच. आणि आपल्याकडे चढ कुठला, मानकोलीचा पूल?”

“मला माळशेज घाट चढायचाय.”

मी जुनी घेतली. सासूबाईंनी ती अंगणात बघितली आणि विचारलं, “दोन पुरत न्हाय का गं?” साखळी खरंच पडायची. काल्हेरच्या खड्ड्यांत तर हमखास. काळ्या हातांनी मी ती पुन्हा चढवायचे. नवरा बघत उभे राहायचे.

थंडीत भावाच्या टेम्पोत सायकली घालून घाटाच्या अलीकडे, टोकावड्यापर्यंत गेलो. घाट सुरू झाला तसे नवरा पुढे निघून गेले. मी सर्वांत लहान, तिसऱ्या चकतीवर आले. पाय भराभर फिरत होते आणि सायकल जेमतेम पुढे सरकत होती. भाजीचे टेम्पो हॉर्न देत बाजूनं जात होते. श्वास लागला होता, पण गुडघा गप्प होता.

बऱ्याच वेळानं एका वळणावर नवरा समोरून उतरत आले. वर पोहोचून त्यांनी वाट बघितली होती. फोन लागेना, म्हणून मला शोधायला निघाले होते. चेहरा पार उतरला होता.

“काय झालं? थांब, पाणी पी.”

“थांबले तर परत निघता येणार नाही.”

मी तशीच पुढे गेले. त्यांनी सायकल वळवली. पण त्या चढावर दोन चकत्यांवर त्यांना पुन्हा सुरुवात जमेना. पाय थकले होते. ते उतरून सायकल ढकलत चालू लागले.

वर कठड्याला टेकून मी बसले. ते दिसले तेव्हा आनंद झाला, पण तो चढ चढल्याचा नव्हता. माणूस माझ्यासाठी घाबरून अर्धा घाट खाली आला, याचा होता. आणि मी त्याच्यासाठी पाय टेकला नव्हता.

“दमलात?”

“फोन लागत नव्हता,” एवढंच ते म्हणाले.

आम्ही तिथल्या टपरीवर कणसं खाल्ली. उतरताना ते पुढे गेले नाहीत. टेम्पोपर्यंत माझ्या मागेच राहिले.