योरुनआजीच्या मयताची बिअर

सिव्हर्टची बिअर चांगली होते, हे त्या दरीत कुणीही सांगितलं असतं. अडचण एवढीच की सिव्हर्टला ते कुणीतरी सतत सांगत राहायला हवं असे.

सत्तावन्न वर्षांचा बिनलग्नाचा गडी. चाळीस मेंढ्या, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचं काम, फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावरचं बापाचं घर आणि घरात नव्वदीला टेकलेली आई, योरुन. एवढाच त्याचा संसार. नाताळच्या आधी दरीतल्या घराघरांत बिअर व्हायची आणि पिंप उघडलं की शेजारीपाजारी चाखायला यायचे. सिव्हर्टकडे आलेला माणूस घोट घेऊन मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बापाचा हात उतरलाय बघ." त्या एका वाक्यावर सिव्हर्ट पुढचं वर्ष काढायचा. दुसऱ्या कुणाच्या बिअरची स्तुती झाली की मात्र त्याला जेवण जात नसे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी म्हातारीने पावाला चीज लावता लावता जाहीर केलं, "माझ्या मयताची बिअर मी जिवंतपणीच पिणार. मेल्यावर तुम्ही सगळे ढोसणार आणि मी पेटीत पडून राहणार, हे काही मला पटत नाही."

दरीतली म्हातारी माणसं आपल्या मयतासाठी मोड आणून वाळवलेल्या सातूचं एक पोतं बाजूला काढून ठेवतात. त्याची बिअर कुणी करायची, हेही तीच सांगून जातात, आणि ज्याचं नाव निघेल त्याचा मान दरी जन्मभर विसरत नाही. योरुनचं पोतं माळ्यावर होतं. जुनं झालं की ती ते बदलून घ्यायची. आपलं नाव निघणार याबद्दल सिव्हर्टला शंकाच नव्हती. दुसरं होतं कोण?

"मग वाढदिवसाला करू?" तो म्हणाला.

"वाढदिवसालाच. पण तू नको. रेन्स्का करील."

रेन्स्का ही हॉलंडहून आलेली नर्स. रोज सकाळी योरुनचं ब्लडप्रेशर बघायची, सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधायची. दोन वर्षांपासून याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. बिअर तिने आयुष्यात फक्त दुकानातून आणलेली. सिव्हर्टच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की हातातली कॉफी बशीत सांडली.

"तिला काय येतं त्यातलं?"

"काही येत नाही. म्हणून तर विचारते. आजी, पाणी किती तापवू? आजी, जुनिपरच्या फांद्या कोवळ्या घेऊ की जून? तुझा बाप जाऊन तीस वर्षं झाली. तू एकदा तरी विचारलंस का रे, की आई, हे विरजण तू कसं सांभाळलंस?"

"बिअर बाबा करायचे."

"बाबा ओरडायचे," म्हातारी म्हणाली. "बाकीचं मी करायचे."

हे ओरडणं काय, ते तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सातूचा गोड काढा करंगळीला सोसवेल इतका निवला, की लाकडी कड्यावर वाळवलेलं, बिअर आंबवणारं घरचं विरजण त्यात सोडायचं आणि सोडताना छाती फुटेस्तोवर ओरडायचं. जितकं ओरडणं मोठं तितकी बिअर कडक. सिव्हर्टच्या लहानपणी बापाचं ओरडणं फियोर्डपलीकडे ऐकू जायचं. आई तेव्हा कुठे असायची, हे त्याला आठवेना, आणि आठवेना याचाही त्याला रागच आला.

ज्या दिवशी रेन्स्काने चुलवण पेटवलं, त्या दिवशी याने मुद्दाम अंगणात लाकडं फोडायला काढली. पाण्यात उकळणाऱ्या जुनिपरच्या काटेरी फांद्यांचा वास अंगणभर झाला. भट्टीघराच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. म्हातारी मांडीवर शाल घेऊन खुर्चीत राणीसारखी बसलेली, काढ्यात करंगळी बुडवून "अजून नाही, अजून नाही" म्हणत होती, आणि रेन्स्का वहीत लिहून घेत होती. इतकी हसताना त्याने आईला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग दोघी एकदम ओरडल्या. एकीचा आवाज खणखणीत, दुसरीचा फाटका. सिव्हर्टने कुऱ्हाड अशी हाणली की ती ओंडक्यात रुतून बसली.

चाळीस तासांनी रेन्स्का त्याला शोधत मेंढ्यांच्या गोठ्यात आली.

"सिव्हर्टदादा, आजी झोपल्यात. चाळीस तास झाले. झाली असेल का हो बिअर?"

ती बिअर बाटल्यांत भरणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. येणाऱ्या प्रत्येकाला एकेक बाटली घरी न्यायला द्यायची म्हणून तिने हॉलंडहून तारेच्या बुचाच्या साठ बाटल्या मागवल्या होत्या. दरीत बाटल्या कुणी भरत नाही. इथे चाळीस तासांची बिअर पिंपात जाते, थोडी गोडी अंगात असतानाच, आणि तीन दिवसांत पिंप रिकामं होतं. ती गोडी बंद बाटलीत सापडली तर तिथेही फसफसत राहते आणि जागा मिळाली नाही की काच फोडते. सिव्हर्ट हे अनुभवाने शिकला होता. पोरवयात त्याने भरलेल्या तीन बाटल्या अशाच फुटल्या होत्या आणि त्याने बापाची थप्पड खाल्ली होती.

"आमच्याकडे चाळीस तास म्हणजे झाली," तो म्हणाला.

शब्द एकही खोटा नव्हता.

"बरं झालं बाई तुम्हाला विचारलं," म्हणत ती पळाली. बाटल्यांसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय म्हणून तिने फेसासाठी प्रत्येक बाटलीत वर साखरही घातली. तेही त्याने दारातून पाहिलं आणि मूग गिळून बसला.

पहिले दोन दिवस त्याचे फार सुखात गेले. फुटू देत चारपाच, तो मनाशी म्हणायचा. मग आई म्हणेल, सिव्हर्ट, चुकलंच माझं, तूच कर बाबा. तो आधी नाही म्हणेल, मग मोठ्या मनाने हो म्हणेल. तिसऱ्या दिवशी रेन्स्काने जेवताना त्याच्या ताटात सगळ्यात मोठा मासा वाढला आणि त्याला तो जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी तो अंगणात बर्फ सारायच्या पात्याला तेल लावत होता. घराखालच्या तळघरात धप्प झालं. पाठोपाठ दुसरं.

"आजी, तुम्ही बसा, मी बघून येते," रेन्स्काचा आवाज आला, आणि तळघराच्या पायऱ्यांवर तिच्या सपाता वाजल्या.

मत्सर मत्सराच्या जागी, पण पोरीच्या डोळ्यात काच जाऊ देण्याइतका काही तो नीच नव्हता. तो धावला. तिला दंडाला धरून वर ओढलं, वेल्डिंगचा चष्मा चढवला, मेंढीच्या कातड्याचे हातमोजे घातले आणि गोधडी पुढे धरून एकटा खाली उतरला. तो उतरेपर्यंत नऊ बाटल्या फुटल्या होत्या. उरलेल्या एक्कावन्नांचं बूच त्याने एकेक करून हलकेच सैल केलं, कोंडलेली हवा जाऊ दिली, पुन्हा लावलं. फेसाने तो नखशिखांत भिजला. ओठावरचा फेस जिभेला लागला तेव्हा तो थांबला. संत्र्याच्या सालीचा वास, मागाहून जुनिपरचा कडवटपणा. त्याच्या कुठल्याही पिंपापेक्षा ही बिअर सरस होती. त्या काचांत उभं राहूनही त्याचा जळफळाट झाला.

वर आल्यावर म्हातारीने त्याला चुलीपाशी बसवलं. रेन्स्का कपडे आणायला गेली होती.

"तिने तुला विचारलं होतं?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"चाळीस तास."

"पिंपाला की बाटलीला?"

सिव्हर्ट हातमोजे काढत राहिला. म्हातारीने टॉवेल तेवढा त्याच्या मांडीवर टाकला.

शनिवारी, म्हातारीच्या वाढदिवसाला, अख्खी दरी लोटली. वाळवलेलं मटण, आंबट मलई, पातळ भाकऱ्या, आणि मधोमध काळा पोशाख घालून मजेत बसलेली योरुन. पहिला लाकडी वाडगा बिअर करणाऱ्याचा, अशी रीत. रेन्स्काने तो भरला आणि सरळ सिव्हर्टसमोर धरला.

"हा दादांचा," ती सगळ्यांना म्हणाली. "चूक माझी होती आणि जीव यांनी धोक्यात घातला. हे नसते तर माझे डोळे गेले असते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "बापाचाच हात!" सिव्हर्टने आईकडे पाहिलं. ती आपली भाकरी मोडत होती. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. वाडगा ओठापर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना. या पोरीच्या मनात काळं असं काही नव्हतंच, आणि त्याला तिच्या बिअरपेक्षाही त्या नितळ मनाचा हेवा वाटला.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "फुटणार हे मला माहीत होतं. तिने विचारलं तेव्हाच."

रेन्स्का क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने वाडगा त्याच्या हातातून काढून घेतला, उभ्याउभ्या तळापर्यंत रिकामा केला, आणि पुन्हा भरून योरुनच्या हातात दिला.