दुभाष्याची सुटका

माझी मावशी दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. दाराशी टेबल, टेबलावर टेलिफोन आणि समोर गाल धरून बसलेली माणसं. आत यंत्राची घरघर सुरू झाली की बाहेरच्यांचे चेहरे उतरायचे. मावशी मात्र तेव्हा कुठल्या तरी वाळवंटात पोचलेली असायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या, परक्या मुलखातल्या. ती कादंबरी लिहीत होती.

त्या मुलखात ती कधी गेली नव्हती. वाचनालयातली जुनी प्रवासवर्णनं वाचून आणि नकाशांवरून बोट फिरवून तिने तो मनात उभा केला होता. मातीच्या रंगाच्या तटबंदीचं शहर, मीठ वाहणारे उंटांचे तांडे, घंटा ओतणाऱ्या कारागिराची मुलगी आणि दूरदेशाहून आलेला तरुण दुभाषा. त्याला सगळ्या भाषा यायच्या, पण त्या मुलीसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. सुभेदाराचाही तिच्यावर डोळा होता, म्हणून त्याने दुभाष्याला हेर ठरवून किल्ल्यात डांबलं. सुभेदाराचा सुजलेला गाल मावशीने अक्कलदाढ दुखणाऱ्या एका पेशंटकडून उचलला होता.

मावशीची चाळिशी जवळ आली होती. आजी वैतागून म्हणायची, "कागदावरच्या पोरीचं लग्न जुळवत बसलीयस, तुझं काय?"

"आधी तिचं होऊ दे. ती माझ्याहून दोनशे वर्षांनी मोठी आहे," मावशी म्हणायची.

एका सकाळी दवाखान्याचं कुलूप अडकलं. बाहेर पेशंट कण्हत उभे, डॉक्टर घड्याळ बघतायत. मागच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला बोलावलं. उंच, जरासा वाकलेला, बोलण्यात महाकंजूष माणूस. त्याने दोन-तीन हत्यारं फिरवली, दार उघडलं, आणि तो सामान आवरू लागला. मावशीने सगळं धैर्य गोळा केलं.

"एक विचारू? जुन्या किल्ल्यातलं कुलूप केसांच्या आकड्याने उघडेल का?"

त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणाचा किल्ला?"

"सुभेदाराचा."

"सुभेदाराला माहीत आहे?"

"त्याला कळलं तर माझा दुभाषा जिवानिशी जाईल."

मग तिने सगळं सांगितलं. घंटावाल्याची मुलगी उंटवाल्याच्या वेशात किल्ल्यात शिरलीय, कोठडीच्या दारापर्यंत पोचलीय आणि कितीतरी महिने तिथेच ताटकळत उभी आहे. कुलूपवाल्याने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. जाता जाता म्हणाला, "मला थोडे दिवस द्या."

महिनाभराने त्याचा निरोप आला आणि मावशी त्याच्या दुकानात गेली. दुकान अरुंद होतं, भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, हवेत तेलाचा आणि घासलेल्या पितळेचा वास. मध्ये स्टुलावर नारळाएवढं काळं कुलूप ठेवलेलं. तिने वर्णन केलं होतं तसंच, त्याने फावल्या वेळात घडवलेलं.

मावशी संध्याकाळी दवाखाना सुटला की तिथे जाऊन बसू लागली. आकडे वाकायचे, मोडायचे, बोटं सोलवटायची. तो कानस चालवता चालवता तिच्याकडे बघायचा. एकदा हळूच म्हणाला, "तुमची ती मुलगी घाई करतेय. पहारेकरी येईल म्हणून आकडा नुसता जोराने फिरवतेय. तिला म्हणावं, डोळे मिट आणि कान लाव."

मावशीने डोळे मिटले. गालाला लोखंड गार लागलं, आणि गल्लीतले आवाज कुठे विरले तिला कळलं नाही. तिला दगडी जिन्याची ओल जाणवली, अंगावरच्या उंटवाल्याच्या घोंगडीचा उग्र वास आला, आणि दारापलीकडे कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं. आत काहीतरी खट्ट वाजलं.

"सुटला!" ती ओरडली, आणि शेजारच्या दुकानातली माणसं धावत आली.

ती पांगल्यावर कुलूपवाल्याने विचारलं, "आता कुठे जातील ती दोघं?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरेपर्यंत चहा घेऊ."

असे बरेच चहा झाले. एक दिवस तो कानस खाली ठेवून म्हणाला, "पुढची प्रकरणं मला रोज ऐकायला मिळतील, अशी काही सोय होईल का?"

"तशी सोय एकच आहे," मावशी म्हणाली. "माझ्या आईला येऊन भेटा."

लग्नानंतर दोघं दुकानावरच्या दोन खोल्यांत राहू लागली. दिवे लागले की ती वाचायची आणि ते, म्हणजे आता माझे काका, भाजी चिरत ऐकायचे. पळून निघालेली ती दोघं खाऱ्या सरोवरापाशी पोचली आणि तिथे मावशीने दुभाष्याला वाळूच्या वादळात गमावलं. काकांच्या हातातली सुरी थांबली.

"तू मारलंस त्याला?"

"मी नाही हो मारलं. वादळात सापडला."

"वादळ कोणी आणलं?"

काकांनी अबोला धरला, तोही साधासुधा नाही. त्याला जगव, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि तेच तिला जड जात होतं. तिने ते पान पुन्हापुन्हा लिहून पाहिलं, पण दरवेळी वाळू उडायचीच. शेवटी एका सकाळी काकांनीच विचारलं, "ती मुलगी पुढे काय करते?"

"एक घंटा ओतते. त्याच्या आवाजासारखी वाजणारी."

"वाच."

तिने वाचलं. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "राहू दे तसंच," ते म्हणाले.

एका छोट्या प्रकाशकाने कादंबरी छापली. दुकानांत ती फारशी खपली नाही, पण डॉक्टरांनी एक प्रत बाहेरच्या बाकाजवळ ठेवली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नाव पुकारलं की पेशंट म्हणायचे, "एवढं पान होऊ द्या." दात ठणठणीत असलेल्या एक बाई तर सुभेदाराचं पुढे काय झालं ते वाचायलाच यायच्या.

मावशी नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा काका म्हणाले, "चल, जाऊन येऊ तुझ्या मुलखात." ती घाबरली. तिथे तसं काहीच नसलं तर? ते म्हणाले, "नसलं तर जे असेल ते बघू."

तटबंदी होती, पण मनातल्यापेक्षा बुटकी. तांड्यांच्या वाटेवर ट्रक धावत होते. पहिले दोन दिवस मावशी हिरमुसून बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं शहराबाहेर गेली. वाळूच्या उतारावरून मावशीचा पाय घसरला आणि खालून कुठूनतरी लांबलचक, घुमणारा सूर उठला. घसरणारी वाळूच गात होती.

"अहो, हे मी लिहिलंच नाही," मावशी म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

चपला तिथेच टाकून ती लहान मुलीसारखी उतार चढू लागली, वरून पुन्हा घसरत यायला. काकांनी तिच्या चपला उचलल्या, एकेक झटकून वाळू काढली आणि ते तिच्या मागोमाग सावकाश चढत गेले.