घाटात पेट्रोल पुरेल का?

नागपुरात पंपावर पेट्रोलचा वास आला, की मला चिखलदऱ्याचा घाट आठवतो. नणंद मंदाला कळा सुरू झाल्या होत्या. अँब्युलन्स येईना, म्हणून तिला आमच्या छोट्या गाडीतून घाटापलीकडच्या गावाहून परतवाड्याच्या दवाखान्यात नेत होतो. काटा लाल रेघेवर टेकलेला. गाडी चढाला किती पिते, उताराला किती, हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ असायचं. मी त्यावरून त्यांना चिडवायची.

"पुरते का गा?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"पुरते," म्हणत गाडी चालवणाऱ्या नवऱ्याने एसी बंद केला. उघड्या काचांतून सागाच्या पानांचा कोरडा वास आत आला. मंदाने माझा हात आवळून धरला होता. शेवटच्या चढावर इंजिनने आचका दिला. मग एकदाचा उतार लागला.

दवाखान्यात मंदाला आत नेलं, तेव्हा ते स्टिअरिंग धरून तसेच बसले होते.

"तुमचा हिशोब बरोबर निघाला," मी म्हटलं.

"हिशोबानं तं पेट्रोल वरच्याच चढावर संपलं होतं वं. तुमाले सांगून काय केलं असतं?"

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे त्यांनी स्टिअरिंग सोडलं.