पहारेकऱ्यांची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या धुळ्याच्या गल्लीत गेलेल्या माणसांच्या नावानं घरोघरी घागर भरतात. शेजारच्या नानांकडे दोन असत. एक त्यांच्या वडिलांची. दुसरी कोणाची असं विचारलं की नाना विषय बदलत, आणि त्यांचा विषय एकच, लळिंगचा घाट.

त्यांची उभी नोकरी रस्त्यांची आखणी करण्यात गेलेली. घाटात मला मोटारसायकल थांबवायला लावून ते हात पसरून उभे राहत. "मांगे तापीनं मैदान, पुढे दख्खन, मधमा हाऊ डोंगर. फौज कितली बी मोठी ऱ्हावो, आठे तिले बारीक व्हनंच पडे." वळणावरच्या चौथऱ्यावर जुन्या काळी पहारेकरी बसत. उत्तरेला धूळ दिसली की ते जाळ करत, आणि वर लळिंग किल्ल्याचे दरवाजे लागत. नाना हे अशा थाटात सांगत, की मी उगाच मागं वळून बघे.

"पण चौथरा कुठाय?" मी एकदा विचारलं.

नाना डांबराकडे बघत राहिले. "तू उभा शेस ना, तठेच."

मग सगळं बाहेर आलं. रस्ता रुंद करताना रेघ जराशी सरकवली असती, तर चौथरा वाचला असता. पण त्यासाठी पुन्हा मोजणी करावी लागणार होती, आणि दुसऱ्या दिवशी आखाजी. लेक लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी येणार होती. नानांनी चुन्याची रेघ सरळ चौथऱ्यावरून ओढली आणि घर गाठलं. सण करून परतले तेव्हा चौथऱ्याची खडी झाली होती. दुसरी घागर त्या पहारेकऱ्यांची.

"नाना, याच रस्त्यानं माझ्या वडिलांना वेळेत नाशिकला नेता आलं," मी समजूत घातली.

त्यांनी डोळे पुसले. "तुना बाप वाचना, बरं व्हयनं. पन रस्ता तर तरी बी व्हताच. माले फक्त घर जावानी घाई व्हती. आनि त्या बिचारा कितला सण तठेच बसी ऱ्हायनात."

पहारेकऱ्यांना तुम्ही वाडवडील करून टाकलं, म्हणून मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली. ते हसत. घागर मात्र कधी चुकली नाही.

यंदा नाना नाहीत. आखाजीला गेलो, तर त्यांची बायको, आमच्या अक्का, घागरी मांडत होत्या. सासऱ्यांची, नानांची आणि आणखी एक.

"अक्का, नानाच गेले. आता ही कशाला?"

अक्कांनी वर न बघता तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं.

"त्या दिन मीच फोन करेल व्हता, भाऊ. म्हनं, ऱ्हाऊ द्या त्या दगडा, लवकर घर या."