एकवीस दिवसांचं औषध

धुळ्याला आमचे आबा मूळव्याधीचं औषध फुकट देत. दर रविवारी सकाळी लोक ओट्यावर जमत आणि उभेच राहत, कारण बहुतेकांना बसवत नसे. कुठलीशी मुळी आबा ताकात वाटून द्यायचे. तिचं नाव त्यांनी आईलाही सांगितलेलं नव्हतं. गुण किती जणांना यायचा देव जाणे, पण आबांचा रुबाब मोठा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मे महिन्यात मी जळगावहून माहेरी गेले होते. धुणं धुताना आबांच्या धोतराला रक्त दिसलं. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच विचार." म्हणून त्यांनाच विचारलं.

"मूळव्याध शे. औषध चालू शे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

हाताला गाठ लागते का, दुखतं का, तेही विचारून घेतलं. लागत होती, दुखतही होतं. लेकीनं बापाला असलं विचारायची रीत नाही, पण धोतर मी धूत होते.

"डॉक्टरांना दाखवू, आबा."

"मना औषधकरता बारा गावना लोक येतस. आते मीच डॉक्टरकडे गऊ तर काय म्हनतीन?"

"लोकांना किती दिवस देता औषध?"

"एकवीस."

"आणि तेवढ्यात गुण नाही आला तर?"

"मंग दुसरं काही शे म्हनीसन डॉक्टरकडे धाडी देस."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "तू वकील व्हयाले पायजे व्हती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यामागे बोटानं तपासलं. आबा असे ओरडले की बाकावरचे दोघे उठून घरी गेले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ही मूळव्याध नाही. गाठ कडक आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू."

आबांचा चेहरा उजळला. "म्हणजे औषध खोटं नाही?"

"औषधाचा काय दोष? आजारच वेगळा आहे."

तुकड्याचा निकाल कॅन्सर असा आला. आई रडली. मी दोन पिशव्या भरल्या आणि आबांना घेऊन मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ गुदद्वाराच्या कडेला होती, जांघेत पसरलेली नव्हती. आधी पाच-सहा आठवडे मशीनचा, म्हणजे किरणांचा, शेक द्यायचा. गाठ विरली तर उत्तम. नाही विरली तर ऑपरेशन, मग ती जागा कायमची शिवून टाकायची आणि शौचाची वाट पोटावर, डाव्या बाजूला काढायची. तिथे पिशवी लावायची.

आबांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "मग टमरेल कशाला लागेल?"

डॉक्टर हसले. आबांनी मात्र कागद उलटा करून ठेवला. मरणाची त्यांना एवढी धास्ती नव्हती, जेवढी त्या पिशवीची होती.

शेक घेताना काही कळत नसे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र कातडी सोलवटली, जुलाब लागले. आम्ही धर्मशाळेत राहत होतो. सैल लुंगी, कोमट पाणी, तेल नाही, साबण नाही, एवढं मी सांभाळलं. आबांनी पिशवीत आपल्या मुळीची पुडी आणलेली होती. "थोडी लावून पाहू का?" असं त्यांनी सिस्टरला विचारलं. तिनं पुडी काढून घेतली, ती परत दिलीच नाही.

शेक संपल्यावर लगेच काही सांगता येत नाही, गाठ हळूहळू विरते, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही धुळ्याला परतलो, मीही तिथेच राहिले. पुढचे दोन-अडीच महिने आबा रोज विचारत, "पिशवी लागेल का गं?" मी रोज सांगे, "मला काय माहीत?" खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तपासलं. गाठ हाताला लागत नव्हती. ऑपरेशन नको, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं बजावलं. आबा इतके खूश, की दोघांनाही खाली वाकून नमस्कार करायला निघाले.

येताना धुळ्याची गाडी धरायला चाळीसगावला उतरलो. फलाटावर ओळखीचे एक व्यापारी चहा पीत उभे होते.

"काय आबा, मूळव्याध बरी झाली म्हणे?"

"मूळव्याध कुठली?" आबा अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असे म्हणाले. "गुदद्वारना कॅन्सर व्हता!"

ते गृहस्थ कप घेऊन दोन पावलं मागे सरकले.

"तो काय चिकटस नहीं," आबा म्हणाले. "चहा पे."