मोडलेली संकष्टी

इतरांचे अनुभव वाचतो तेव्हा त्यात देव भक्तासाठी धावून आलेला असतो आणि भक्ताची मान ताठ असते. माझ्यासाठीही कुणीतरी धावून आलं, याबद्दल मला शंका नाही. पण माझी मान अजून वर होत नाही. म्हणून हे लिहावं की मनातच ठेवावं, या विचारात बरेच दिवस गेले. शेवटी लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच, की इथली बरीच मराठी मंडळी मला अजून मोठा भक्त समजतात आणि त्यांच्यासमोर मला बसवत नाही.

मी टास्मानियात, हॉबार्टला, पर्यटकांच्या बोटीवर कप्तान आहे. ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे ऊन आणि कांगारू आठवतात. आमच्याकडे वसंतातही शहरामागच्या डोंगरावर बर्फ असतो आणि दक्षिणेचा वारा थेट अंटार्क्टिकावरून येतो, मध्ये अडवायला जमीनच नाही. पाणी इतकं गार की आत पडलेल्या माणसाचे हात थोड्याच वेळात कामातून जातात, मग त्याला कितीही पोहता येवो. अशा पाण्यातून आम्ही उघड्या बोटीने लोकांना उंच कड्यांखाली नेतो, खडकांवर लोळणारे सील दाखवतो आणि परत आणतो. निघण्याआधी सगळ्यांना समोर बसवून सुरक्षिततेच्या सूचना द्यायच्या, बोट लागू नये म्हणून आल्याच्या गोळ्या वाटायच्या आणि ठासून सांगायचं की रिकाम्या पोटी समुद्रावर येऊ नका, काहीतरी खाऊन घ्या, पाणी प्या. हे भाषण मी संकष्टीच्या दिवशीही तेवढ्याच ठसक्यात करत असे. माझ्या पोटात तेव्हा आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नसे.

त्याचं असं झालं. विद्यार्थ्यांची पहिली मोठी लाट इकडे आली तेव्हा तिच्याबरोबर मीही सिडनीला आलो. टूनगॅबीतल्या एका घरात आम्ही इतके जण होतो की गाद्यांमधून वाट काढत संडासला जावं लागे. ज्याने घरी कधी कुकर लावला नव्हता तो मी कुकरी शिकत होतो, कारण त्यातून पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळते असं एजंटने सांगितलं होतं. एके सकाळी कॉलेजला गेलो तर दाराला कुलूप. कॉलेजच बंद पडलं होतं. फी गेली, व्हिसा टांगणीला लागला, आणि वडिलांना मी फोनवर सगळं मजेत आहे असं सांगत राहिलो. त्या दिवसांत मी गणपतीला बोललो, की पीआर होऊ दे, जन्मभर संकष्टी करीन, आणि चंद्र दिसेपर्यंत पाणीही पिणार नाही. पुढे हॉबार्टच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो आणि तिथेच पीआर झाली. मग किचन सोडलं, बोटी धुवायला लागलो, परीक्षा देत देत कप्तान झालो. नवस मात्र सोडला नाही.

सोडला नाही हे खरं, पण तो हळूहळू मला चढला, हेही खरं. दक्षिण टोकाला वसंतात चतुर्थीचा चंद्र उगवायलाच मध्यरात्र होत येते, त्यात ढग असले तर विचारूच नका. काहीजण पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ इथल्या घड्याळात धरून मोकळे व्हायचे, काहीजण कॉफी चालते म्हणायचे. मी हसायचो. मग टास्मानियात शिकलं की पीआरला जादा पॉइंट्स मिळतात म्हणून विद्यार्थ्यांची दुसरी लाट टास्मानियात आली आणि हॉबार्टच्या बसमध्येही मराठी ऐकू यायला लागलं. ही मुलं मला दादा म्हणायची, व्हिसाचं विचारायला यायची. मी त्यांना आधी वकिलाचा नंबर द्यायचो आणि मग, न विचारता, संकष्टीबद्दल सांगायचो. "अरे, जेवढं कडक करशील तेवढं फळ. मी एकदाही चुकवली नाही." त्यांतल्या दोघी म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये काम करायच्या. त्या माझं ऐकून पाणी न पिता शिफ्टला उभ्या राहायला लागल्या, तेव्हा मला धन्य वाटलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

तो दिवस सप्टेंबरातला, म्हणजे इथल्या वसंतातला, संकष्टीचा. वाऱ्यामुळे सकाळची फेरी रद्द झाली आणि त्यातले काही लोक दुपारच्या फेरीत आले. त्यांच्यात एक बाई आणि त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती, सिडनीच्या केलीव्हिलहून आलेल्या. माझ्या शर्टावरचं नाव वाचून बाई म्हणाल्या, "अय्या, मराठी का तुम्ही? बोटीवर? कमालच!" मुलीच्या हातात लॉलीजचं पाकीट होतं, सापाच्या आकाराच्या रंगीत, चघळायच्या गोळ्या असतात ना, तसल्या. तिने माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "थँक यू, आज संकष्टी आहे. मी पाणीसुद्धा घेत नाही."

"माझीही आहे," बाई म्हणाल्या. "पण मी दूध-फळं घेते हो. तेवढं नाही जमत." आणि मुलीला, "तू पण ते माझ्यासमोर नको खाऊस, हाडांचं जिलेटिन असतं त्यात."

"मम, प्लीज," मुलगी म्हणाली.

दूध-फळं घेते म्हणाल्यावर मी बाईंकडे जरा दया केल्यासारखं पाहिलं होतं. कबूल करायचंच आहे तर तेही करतो.

बोट भरलेली होती. मागच्या बाजूला माझी सहकारी टेस लोकांना माहिती सांगत होती. तिच्याकडेही बोट चालवायचा परवाना आहे. पण लाटा जोरात होत्या, मागे दोघा-तिघांना उलट्या सुरू झाल्या आणि ती त्यांच्यात अडकली. बाईंना मागे पाणी उडत होतं म्हणून त्या मुलीला घेऊन अगदी पुढे, माझ्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांना तिथे कुणी बसवलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाणी उडत होतं, एवढंच उत्तर मिळतं.

डोकं तासाभरापासून हलकं वाटत होतं. ओठ बधिर झाले होते, पण त्या गारठ्यात सगळ्यांचेच होतात अशी मी समजूत घातली. टेसला हाक मारून सुकाणू तिच्याकडे द्यायला हवं होतं. नियम तोच सांगतो, अक्कलही तेच सांगते. मी मनात 'गणपती बाप्पा, तू आहेसच' म्हणालो आणि बोट सीलच्या खडकाजवळ घेतली. तिथे बोटीचं नाक खडकाकडे ठेवून उभं राहायचं आणि लाट आली की हलकेच मागे यायचं, हे मी शेकडो वेळा केलेलं आहे. थ्रॉटलची मूठ मागे ओढली की बोट मागे, पुढे ढकलली की पुढे. लाट आली. मला एकाच्या जागी दोन खडक दिसले, आणि मी मूठ पुढे ढकलली.

बोट खडकाकडे झेपावली. सील धडाधड पाण्यात पडले. मागून मराठीत आवाज आला, "मागे! अहो, मागे घ्या!" हात मागे न्यायचा हे मला कळत होतं, पण हात माझा नव्हताच जणू. इतक्यात आमच्या पुढे गेलेली लाट खडकावर आपटली, उलटी फिरली आणि तिने बोट नाकाला धरून बाहेर ढकलली. लाट अशी उलटी फिरते, हे कुठलाही खलाशी सांगेल. मी त्यावर वाद घालणार नाही. त्या क्षणी ती फिरली आणि खडक आणि आमच्यामध्ये हातभर पाणी राहिलं, एवढंच मी पाहिलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कप्तानाने मुद्दाम गंमत केली. कुणीतरी "ऑन या, मेट!" म्हणून ओरडलं, म्हणजे शाबास. आयुष्यात माझा इतका अपमान कुणी केला नसेल, आणि बिचारे कौतुक करत होते.

बाईंनी टाळी वाजवली नाही. त्या उठून, कठडा धरत, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या गारठ्यात घामाने डबडबलेला माझा चेहरा पाहिला. "साखर उतरलीय तुमची. हे खा," म्हणून त्यांनी मुलीचं पाकीट पुढे केलं.

बोट अजून खडकापासून लांब गेली नव्हती. पुढची लाट येत होती. पाठीमागे एवढी माणसं बसली होती, त्यात लहान मुलं होती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नाही ताई, नवस आहे. चंद्र दिसल्याशिवाय नाही चालत. आणि त्यात जिलेटिन असतं."

हे वाक्य मी शुद्धीत म्हणालो. भोवळीवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी हिशेब केला होता. इतक्या वर्षांची न मोडलेली संकष्टी एका बाजूला आणि ही सगळी माणसं दुसऱ्या बाजूला. माझ्या मनात जड भरली ती संकष्टी.

बाईंनी पाकिटातून एक लाल लॉली काढली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि चावली. "घ्या. माझी मोडली. आता खा." मी तसाच उभा. मग त्या अहो-जाहो विसरल्या. "खा म्हणते ना! माझी पोरगी बसलीये मागे. तुझा गणपती काय तिच्या जिवावर उठलाय?" आणि त्यांनी मूठभर लॉली माझ्या तोंडात कोंबल्या, लहान मुलाला औषध देतात तशा. मागे वळून त्यांनीच टेसला हाक मारली. टेस आली, काही न विचारता सुकाणू घेतलं आणि बोट खुल्या पाण्यात काढली.

मी पुढच्या बाकावर बसलो. बाईंनी बाटली दिली, पाणी प्यायलो. हात हळूहळू माझे झाले. मग मला रडू आलं, आणि वाऱ्याने डोळ्यांना पाणी येतंच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. सुटलो म्हणून मी रडत नव्हतो. बाईंनी जे एका घासात केलं ते मला सांगूनही जमलं नव्हतं, याची ती लाज होती.

धक्क्यावर उतरताना लोक हात मिळवत होते, "बेस्ट स्किपर" म्हणत होते. मी प्रत्येकाला खाली मान घालून "नो वरीज" म्हणत होतो. बाई शेवटी उतरल्या. मी हात जोडून म्हणालो, "ताई, माझ्यामुळे तुमचा उपवास मोडला."

त्यांनी काही म्हणायच्या आधीच मुलगी बोलली. "शी नेव्हर ब्रेक्स इट. नॉट सिन्स डॅड गॉट सिक." तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "केमो चालू आहे ह्यांची. बहिणीला त्यांच्यापाशी ठेवून आले, हिला दोन दिवस जरा बाहेर काढायचं म्हणून." मग माझ्याकडे पाहून, "अहो, असं काय करता? मी काय देवाशी सौदा केलाय? त्याला दिसत होतं ना सगळं. तुम्ही आधी जेवा काहीतरी." आणि मुलीचा हात धरून त्या पार्किंगकडे चालत्या झाल्या.

सौदा हा शब्द त्यांनी सहज वापरला. माझ्यावर त्यांचा रोख नव्हता, हे मला माहीत आहे. पण मी तेच करत आलो होतो. पीआरच्या बदल्यात उपवास, आणि पीआर मिळाल्यावर उपवासाच्या बदल्यात मोठेपणा. शरण जाणं ज्याला म्हणतात ते त्यात कधी नव्हतंच. बाईंकडे खरोखर मागण्यासारखं काहीतरी होतं, नवऱ्याचा जीव होता, तरी समोरच्या माणसांसाठी त्यांनी ते एका क्षणात देवाच्या हवाली केलं.

त्याच संध्याकाळी मालकांना सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ते म्हणाले, "शुड हॅव टोल्ड मी, मेट." दोन महिने सुकाणूला हात लावायचा नाही असं ठरलं. मी पूर्वीसारख्या बोटी धुतल्या. नर्सिंग होममधल्या दोघींना घरी बोलावून हेच सांगितलं आणि त्यांची माफी मागितली. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या, पण दुसऱ्या महिन्यात संकष्टीला शिफ्टवर डबा नेला असं कळलं.

आता मी पुन्हा बोट चालवतो. संकष्टीला सकाळी पोटभर पोहे खातो. पहिला घास अजून घशात अडकतो, तो लाजेने. अडकू दे, माझ्या भक्तीत इतक्या वर्षांत खरं असं तेवढंच आलं आहे. बाईंचा नंबर ऑफिसात असेल, पण मी शोधला नाही. प्रवाशांचे नंबर असे काढायचे नसतात, हे झालं एक कारण. दुसरं हे, की त्यांना काय विचारणार होतो? आणि उत्तर वाईट असलं तर ते ऐकायला माझ्याकडे तोंड कुठून आणू?

म्हणून मी गणपतीलाच सांगतो. त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही, मी 'केलीव्हिलचे ते' एवढंच म्हणतो. बाप्पा, तू त्या दिवशी एका बाईच्या हातून मला आणि माझ्या बोटीवरच्या सगळ्यांना वाचवलंस, हे मी विसरणार नाही. केलीव्हिलच्या त्यांना बरं कर. बदल्यात द्यायला माझ्याकडे उपवास नाही, नवस नाही, काहीच नाही.