नऊ पणत्या

बाबाराव मास्तर कविता शिकवायला पुस्तक घेऊन नव्हे, टोपली घेऊन यायचे. टोपलीत नऊ पणत्या आणि मूठभर चिंचोके. एकेका रसाची एकेक पणती टेबलावर ओळीनं मांडायची. मास्तर कविता वाचणार, मग प्रत्येकानं उठून आपल्याला जाणवलेल्या रसाच्या पणतीत चिंचोका टाकायचा. निजामाच्या राज्यातल्या, हिंगोलीकडच्या आमच्या शाळेत बाकी सगळं उर्दूतून चालायचं; मराठीचा हा एवढाच तास. मीही त्याची वाट बघायचो, हे कबूल करतो.

"जिला पणती न्हाई, ती कविता न्हाई," असं ते म्हणायचे. कुणी वाद घातलाच तर "ग्रंथात दाखव", म्हणजे रसशास्त्राच्या, असं म्हणून चिमूटभर तपकीर ओढायचे आणि वाद संपायचा.

मी सातवीत असताना माझी आई पटकीच्या साथीत गेली. जात्यात तिचं अर्धं दळण तसंच राहिलं होतं. त्यावर मी बारा ओळी लिहिल्या आणि मोठ्या विश्वासानं मास्तरांना दाखवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या, माझं नाव न सांगता, वर्गात वाचल्या. कशा वाचल्या! नाकातून, ओढून ओढून, 'पीठ' म्हणताना भुवया उडवत. "जवारीच्या पिठात कुठला आला करुण? ग्रंथात न्हाई. टाका चिंचोके!"

सत्तावीस चिंचोके हास्याच्या पणतीत पडले. अठ्ठाविसावा माझा. तोही मी तिथंच टाकला, कारण दुसरीकडे टाकला असता तर कविता कुणाची ते सगळ्यांना कळलं असतं. आईच्या मरणावर मला हसायला लावलं त्या माणसानं. त्या एका चिंचोक्याचा सूड घ्यायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

हैदराबादेला शिकायला गेलो तो त्यासाठीच. तिथं कलावादी भेटले, जीवनवादी भेटले, शेराचा एकेक शब्द सोलून बघणारे उर्दूचे उस्ताद भेटले. इतरांना त्यात विद्या दिसली असेल. मला हत्यारं दिसली. रझाकारांची धामधूम सुरू होण्याच्या थोडं आधी मी त्याच शाळेत मास्तर म्हणून परतलो. बाबाराव तेव्हा निवृत्तीला आले होते.

त्यांची एकच कविता कधीकाळी एका मासिकात छापून आली होती. लेक शिरड शहापूरला सासरी निघते, त्यावरची. ती लेक पुढं पहिल्या बाळंतपणातच गेली. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तीच कविता निवडली.

"मास्तर, पणत्या देता का?" मी विचारलं.

"घेऊन जा की! पोरगं माझ्याच वाटनं चालून राहिलं," म्हणत ते हौसेनं माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले.

मी कवीचं नाव सांगितलं नाही. आधी कलावाद्यांच्या नजरेनं दाखवलं, की यमकासाठी शब्द कसे फरफटत आणलेत. मग जीवनवाद्यांच्या नजरेनं विचारलं, एका बापाच्या रडण्यातून गावाला काय मिळालं? शेवटी रस. कविता वाचली. नाकातून, ओढून ओढून. झाडून सगळे चिंचोके हास्यात पडले.

मास्तर उठले. टोपलीतून एक चिंचोका घेतला आणि सगळ्यांच्या देखत करुणाच्या पणतीत टाकला. कविता त्यांची, हे वर्गाला कळून चुकलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"बराबर वाचलंस, गणपत. मी बी तुझी अशीच वाचली व्हती."

"काहून वाचली तशी?" माझा आवाज चढला होता.

"रडू येऊन राहिलं व्हतं रे. न् पिठाचं तर ग्रंथात न्हाई. मंग हसण्यावारी नेलं." मग माझ्याकडे वळले. "आता तुझी म्हण. आईवरची."

मी तोंड उघडलं. त्यांचा तो नाकातला सूर, उडणाऱ्या भुवया, पणतीत पडणाऱ्या चिंचोक्यांचा आवाज, सगळं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं आठवत होतं. कवितेची मात्र एकही ओळ आठवेना.

मास्तरांनी डोळे मिटले आणि साध्या, सरळ आवाजात बाराच्या बारा ओळी म्हणून दाखवल्या. पिठाशी आले तेव्हा भुवया जागच्या हलल्या नाहीत.

निजामाचं राज्य गेलं त्याच साली मास्तरही गेले. पणत्या आता माझ्याकडे आहेत. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही. आई माझी, कविता माझी, आणि पाठ होती ती त्या माणसाला.